अब्बांची जीप

आमच्या अंगणात पाण्याच्या टाकीशेजारी तेरा वर्षं एक जीप उभी होती. मागच्या सीटखाली कोंबड्या अंडी घालायच्या. लग्नकार्यात तिच्या टपावर सतरंज्या वाळत पडायच्या. मोहल्ल्यात पत्ता सांगताना लोक 'जीपवाल्यांचं घर' म्हणायचे, आणि भंगारवाला महिन्यातून एकदा फाटकाबाहेरून हाक मारून भाव थोडा वाढवून जायचा.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे भाऊ. एक गॅरेजात मिस्त्री, दुसरा उर्दू शाळेत मास्तर. खालच्या मजकुरातला 'आम्ही' कुठे मिस्त्रीचा आहे, कुठे मास्तरचा, ते वाचकांनी ओळखून घ्यावं. आम्हालाही पुष्कळदा ओळखता येत नाही.

जीप अब्बांची. १९८४ साली त्यांनी ती फौजेच्या लिलावातून सुटलेल्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. उंच बॉनेटची, १९६४ सालचं मॉडेल. त्या जीपवर आमचं घर चाललं. पेणच्या बाजारातून खारेपाटात किराणा, परतीला मासळी, हंगामात वऱ्हाडी, रात्रीबेरात्री बाळंतीण. भाड्याच्या पैशांतून दोन बहिणींची लग्नं झाली आणि मास्तरचं बी.एड. सुरू होईपर्यंतचं शिक्षण झालं. २६ जुलै २००५ च्या पावसात पाणी घरात शिरलं, तेव्हा अब्बांनी आधी आम्हाला माळ्यावर चढवलं. जीप हलवायला वेळ उरला नाही. पाणी ओसरल्यावर इंजिनात गाळ, गिअरबॉक्समध्ये गाळ. 'पैसे आले की खोलू' असं ते म्हणत राहिले. २०११ साली ते गेले.

२०१८ साली आम्ही ती खोलायला घेतली. अम्मांचा विरोध होता. 'ह्या लोखंडाला किती पैसा घालणार रे? पोरीच्या अॅडमिशनला लागेल तेव्हा कुठून आणाल?' त्यांचं चुकत नव्हतं. मिस्त्रीच्या मुलीची बारावी दोन वर्षांवर आली होती. आम्ही ठरवलं, दर महिन्याला मास्तरच्या पगारातून ठरावीक रक्कम आणि मिस्त्रीची जुम्म्याच्या सुट्टीची मेहनत, याच्यापुढे जायचं नाही. गेलोच. पण ते पुढे.

जुनी गाडी खोलणं म्हणजे जुनं पत्र उघडण्यासारखं आहे; घाई केली की घडीवर फाटतं. गंजलेला नट ताकदीने फिरवला की तुटतो. त्याला डिझेल पाजायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी हलकेच ठोकायचं. हेडमध्ये इनलेटचे व्हॉल्व्ह वर आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये, अशी या इंजिनाची तऱ्हा. आजच्या पोरांना ती दाखवली तर हसतात. पिस्टन अडकून बसले होते, ते सुटायला तीन आठवडे लागले. कार्बुरेटर चोर बाजारातून, डेल्को कुर्ल्याच्या भंगारातून, क्लचप्लेट एका ओळखीच्या ट्रकवाल्याकडून. पार्ट मिळाला की त्या दिवशी अम्मासुद्धा पाहायला बाहेर यायच्या, मात्र भाव विचारायच्या नाहीत.

या गाडीच्या नावातही एक कहाणी आहे, ती वर्गात सांगितली की मुलं कान टवकारतात. आज ज्या कंपनीला महिंद्र अँड महिंद्र म्हणतात, ती १९४५ साली महिंद्र अँड मोहम्मद म्हणून सुरू झाली. दुसरे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ साली कंपनीचं नाव बदललं. मोहम्मद गेला तरी आद्याक्षरं तीच राहिली. १९४७ पासून या कंपनीने मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली, आणि पुढे अशाच जीप फौजेत गेल्या.

आणि फौजेतली जीप म्हटली की आपल्या मोहल्ल्यात एकच नाव निघतं. ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे, शिंप्याचे चिरंजीव. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरच्या शेतात, जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने त्यांनी पाकिस्तानचे पॅटन रणगाडे एकामागून एक टिपले आणि १० सप्टेंबरला शहीद झाले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. दर २६ जानेवारीला आमच्या शाळेतला कोणी ना कोणी मुलगा त्यांच्यावर भाषण करतो. आम्हीही लहानपणी केलं होतं. भाषण संपलं की पाहुण्यांपैकी कोणीतरी खांद्यावर थाप देऊन म्हणतं, 'असेच व्हा.' लहानपणी छाती फुगायची. मोठेपणी त्या 'असेच'चा अर्थ मनात टोचू लागला. बाकीच्या मुलांना डॉक्टर व्हा म्हणतात.

२०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अहमदनगरला गेलो. या शहराचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे. मास्तरला भुईकोट किल्ला पाहायचा होता. १९४२ ते ४५ मौलाना आझाद तिथे कैदेत होते आणि 'गुबारे-खातिर'मधली पत्रं त्यांनी तिथे लिहिली. कैदेत असतानाच त्यांची बेगम गेली. चहावर आणि कोठडीत घरटं करणाऱ्या चिमण्यांवर इतकं लिहिणारा माणूस मनात काय दाबून बसला असेल, हे शिकवताना आमचा आवाज अजून अडखळतो. मिस्त्रीला मात्र रणगाड्यांचं संग्रहालय पाहायचं होतं. ते १९९४ साली सुरू झालं. झाडांखाली रांगेने उभे व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंचुरियन, आपला विजयंता, जपान्यांचा छोटा हा-गो आणि तो पॅटनसुद्धा, ज्याचं नाव आम्ही भाषणात इतक्या वेळा घेतलं होतं.

मिस्त्री पॅटनपुढे उकिडवा बसला आणि बराच वेळ नुसता पट्टा पाहत राहिला. पोलादी तुकडे पिनांनी एकात एक ओवलेले, एका टोकाला दातेरी चाक, मध्ये रोलर. 'हा पट्टा ढिला पडला तर उतरतो, जास्त ताणला तर तुटतो,' तो म्हणाला. मग मास्तरने तिथेच 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' सुरू केलं. खारेपाटातल्या चिखलात माणूस रुततो, पण फळी टाकली की चालत जातो. पट्टा म्हणजे रणगाड्याने स्वतःच पुढे टाकायची आणि मागून उचलून घ्यायची फळी. चाळीस-पंचेचाळीस टनांचं धूड, पण वजन एवढ्या जागेवर पसरतं की दर चौरस सेंटिमीटरला पडणारा भार मोटारीच्या चाकाखालच्या भारापेक्षा कमी. तरी त्या शेतात पाणी सोडलं गेलं तेव्हा पॅटन रुतलेच. चिखलापुढे कोणाची मिजास चालत नाही हे पेणच्या माणसाला सांगायला नको.

तिथेच आम्हाला 'फामागुस्ता'ची हकिगत पुन्हा आठवली. पुणे हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, वय २१. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत त्यांचा सेंचुरियन पेटला. बाहेर पडण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही, कारण तोफ अजून चालत होती. तो रणगाडा युद्धानंतर दुरुस्त करून याच शहरात फौजेच्या प्रशिक्षण केंद्रात जपून ठेवला आहे. २००१ साली त्यांचे वडील, ८१ वर्षांचे निवृत्त ब्रिगेडियर, आपलं जन्मगाव पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्या अधिकाऱ्याने त्यांना घरी उतरवून घेतलं, त्याने निघायच्या आधी सांगितलं, की तुमच्या मुलावरचा तो गोळा माझ्या रणगाड्याचा होता. लोखंड दुरुस्त होतं हो. त्या दोन म्हाताऱ्यांमध्ये त्या रात्री जे काही जोडलं गेलं असेल, त्याला मात्र कुठल्या वर्कशॉपात पार्ट मिळत नाही.

परतताना मिस्त्री म्हणाला, 'लोक नाव घेतात चालवणाऱ्याचं. हे सगळं उभं केलं कोणी?' आम्हाला ते पटलं. १ नोव्हेंबर १९४८ ला सुमारे साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजिला खिंडीत स्टुअर्ट रणगाडे पोचले, ते तोफेचा वरचा भाग काढून जम्मूहून श्रीनगरला गुपचूप नेले आणि पुन्हा जोडले म्हणून. आपल्या पुण्याजवळ खडकीला ५१२ आर्मी बेस वर्कशॉपात वर्षानुवर्षे रणगाडे उघडले आणि जोडले गेले. त्या मिस्त्र्यांवर कोणी भाषण करत नाही.

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळात शेडचे पत्रे उडाले आणि आंब्याची फांदी जीपच्या बॉनेटवर पडली. लॉकडाऊनमुळे मिस्त्रीचं गॅरेज बंद होतं. त्याच वर्षी मुलीची अॅडमिशन आली. भंगारवाला बरोबर त्याच आठवड्यात फाटकापाशी आला, आणि या वेळी आम्ही त्याला आत बोलावलं. सौदा ठरत आला होता. अम्माच मध्ये आल्या. 'अर्धी खोललेली वस्तू विकू नका,' त्या म्हणाल्या. 'लोक म्हणतील, बापाचं काम पुरं झालं नाही.' त्यांनी हातातल्या दोन बांगड्या दिल्या, त्यात मुलीची फी भागली. आम्ही अजून त्या सोडवून आणलेल्या नाहीत, हे इथे लिहून ठेवतो.

२०२१ मध्ये पत्रा घासायला घेतला. पॉलिश पेपरने अब्बांचा पांढरा रंग निघाला, त्याखाली निळा, आणि सगळ्यात खाली फौजेचा हिरवा. आम्ही हरखलो. तो तसाच ठेवून जीप चार दिवस अंगणात उभी केली. पाचव्या दिवशी कोणीतरी रस्त्यावरून फोटो काढला आणि तो मोबाइलवर फिरला. 'यांच्याकडे मिलिटरीची गाडी कशाला?' संध्याकाळी पोलीस आले. कागद पाहिले, सगळे बरोबर होते. चहा घेतला. जाताना एवढंच म्हणाले, 'रंग बदला. नियम आहे.' नियम खरंच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो, की संरक्षण खात्याशिवाय कोणाच्या गाडीला हा हिरवा रंग देता येत नाही. तो सगळ्यांना सारखाच लागू आहे. फोटोखालचा प्रश्न मात्र सगळ्यांना विचारला गेला नसता. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

रंग मारायला आमचा शाळेपासूनचा दोस्त आला. तो गणपतीच्या कारखान्यात काम करतो, डोळ्यांच्या आखणीत पेणमध्ये त्याचा हात नावाजलेला. हंगाम संपल्यावर स्वतःचा स्प्रे आणि कॉम्प्रेसर घेऊन तो आला आणि दोन दिवसांत जीप राखाडी करून दिली. पैशाचं नाव काढलं तर म्हणाला, 'तुझ्या बापाने माझ्या आईला बाळंतपणाला याच गाडीतून नेलं होतं. मी तिच्यातून आलेला माणूस.' डॅशबोर्डच्या आत हाताच्या तळव्याएवढी जागा आम्ही त्याला सोडायला सांगितली. तिथला हिरवा तसाच आहे. बाहेरून दिसत नाही.

१५ ऑक्टोबर २०२२. डॉ. कलामांचा जन्मदिवस म्हणून शाळांत वाचन प्रेरणा दिन. वाचन आटोपल्यावर आम्ही सातवीची मुलं घरी आणली. मिस्त्रीने हँडल मारलं, तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. अब्दुल हमीदांची गोष्ट आम्ही पुन्हा सांगितली, या वेळी जीपच्या शेजारी उभं राहून. एका मुलीने विचारलं, 'सर, त्यांच्या गाड्या बिघडल्या तर कोण दुरुस्त करायचं?'

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आम्ही सांगितलं, की फौजेत त्यासाठी वेगळी कोअर आहे, ईएमई. तिची स्थापना १५ ऑक्टोबर १९४३ ची. म्हणजे आजचीच तारीख. मुलगी मिस्त्रीच्या काळ्या हातांकडे पाहत म्हणाली, 'मग ते पण बहादूरच ना?'

मिस्त्री लाजून बॉनेटमध्ये वाकला. अम्मांनी सगळ्या पोरांना सरबत दिलं. मग आम्ही त्यांना पाच-पाच करून जीपमध्ये बसवलं आणि नदीच्या पुलापर्यंत फेऱ्या मारल्या. यंदाच्या २६ जानेवारीला भाषण त्या मुलीने केलं. अब्दुल हमीद होतेच, पण शेवटची चार वाक्यं गाडी दुरुस्त करणाऱ्यांवर होती. खाली आल्यावर पाहुण्यांनी नेहमीप्रमाणे थाप दिली आणि विचारलं, 'तुला काय व्हायचं?'

ती म्हणाली, 'मिस्त्री.'