फूल न पाहिलेली खरपुडी

उटनूर, जि. आदिलाबाद
भाद्रपद, ऋषिपंचमी

चि. सोनू,


कोल्हापूरहून तू पाठवलेला फोटो मिळाला. कंदिलासारखं इवलंसं फूल आणि खाली तुझ्या अक्षरात 'सेरोपेजिया बल्बोसा'. पानं पाहिली आणि हसूच आलं. अगं, ही तर आमची खरपुडी! गुरांमागे हिंडताना किती खाल्ली, त्याला गणती नाही. पण तिचं फूल मात्र साठी उलटल्यावर पाहिलं, तेही आधी फोटोत.

त्याला कारण आम्हीच. पाऊस पडला की झुडपांच्या आडोशाला तिची जाड, रसरशीत पानं दिसायची. लगेच टोकदार काठीनं उकरायचं. चपटा, गोल कंद हाती आला की चड्डीला पुसायचा, दातांनी साल काढायची. पाणीदार, जरासा कडसर. उकडला की कडूपणा जाई. आजच्या दिवशी तुझी आजी बैलाच्या कष्टाचं खात नसे. तेव्हा एरवी 'काय माती खाता रे' म्हणणारी तीच आमचे कंद निवडून घ्यायची. फुलायच्या आतच वेल आमच्या पोटात गेलेली असे.

त्या फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात, बारीक माशी आत अडकते आणि केस सुकले की पराग घेऊन सुटते, हे तू लिहिलंस तेव्हा कळलं. म्हणजे मला कंद ठाऊक, तुला फूल. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गनं मात्र 1795 च्या कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात फुलाचं चित्रही दिलं आणि लोक कंद कच्चा किंवा उकडून खातात हेही नोंदवलं.

1956 साली आपल्या जिल्ह्यातले किनवट, राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात गेले, आपण इकडे राहिलो. खरपुडी दोन्हीकडे उगवत राहिली. तुमच्या शिवाजी विद्यापीठात सह्याद्रीतल्या दुर्मिळ खरपुड्या जपतात म्हणे. आपली तितकी दुर्मिळ नाही. पण गुरांच्या खुरांपुढे आणि पोरांच्या काठीपुढे कुठवर टिकेल?

काल नातवाला घेऊन माळावर गेलो. दोन वेली सापडल्या. एक त्याला उकरू दिली. चव कळल्याशिवाय तो जपणार कशाला? दुसरीभोवती बोरीच्या काट्या लावून आलो. तिला तुझ्या फोटोतल्यासारखीच दोन फुलं आहेत. शेंगा धरून तडकल्या आणि म्हाताऱ्या उडाल्या की कळवीन.

तुझा,
मामा