खोक्यावरचा आकडा, डब्यातली गर्दी

"५.० घेऊ की ५.३?" ऑफिसात नवीन लागलेलं कुणी पहिल्या पगारातून इअरबड्स घ्यायचे म्हटलं, की हाच प्रश्न. माझा उलट प्रश्न ठरलेला: "तू गाडी कुठून पकडतोस?"

कारण असं की ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. बरंचसं वायफायही तिथेच. भारतात २००५ साली हा पट्टा परवानामुक्त झाला, तेव्हापासून तो सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही! या गर्दीतून वाट काढायला मूळ ब्लूटूथ ७९ चॅनेल्सवर सेकंदाला १६०० उड्या मारतं. २००३ च्या १.२ व्हर्जनपासून खराब चॅनेल टाळायची अक्कलही त्याला आली.

मी दोन जोड्या घेऊन महिनाभर पनवेल-सीएसएमटी केलं. जुनी ५.०, नवी ५.३. पनवेलला गाडी सुटताना दोन्ही झक्कास. वाशीला डबा भरला की नवी अडखळायची, जुनी मात्र बिनधास्त चालू. का? फोन नवीला एलडॅक कोडेकवर ९९० केबीपीएस पाठवत होता, जुनीला साध्या एसबीसीवर त्याच्या तिसरा हिस्सा. नवीला एएसीवर आणलं, तीही सुधारली.

पण मग वडाळे तलावाकाठी, आसपास कुणी नसताना, आवाज का तुटावा? तिथे गर्दी आपण स्वतःच! या लहरी पाणी शोषून घेतं, आणि आपण बरेचसे पाणीच. घरात भिंतींवर आपटून त्या कानापर्यंत पोचतात, मोकळ्यावर ती सोय नाही. फोन मागच्या खिशातून शर्टाच्या खिशात ठेवला आणि काम झालं.

मग आकड्याला अर्थच नाही का? आहे. ५.२ पासून एलई ऑडिओचा पाया आला, त्यात दोन्ही कानांना आपापला प्रवाह मिळतो. पण ती सोय फोन आणि बड्स दोघांत हवी, आणि नुसतं ५.३ लिहिलंय म्हणून ती असेलच असं नाही.

गाणं तुटलं तर फारसं बिघडत नाही हो. पण ऑन-कॉल असताना "रोलबॅक करू नकोस" मधलं "नकोस" गळलं तर? शिवाय कॉलला ब्लूटूथ सहसा वेगळा कोडेक वापरतं, त्यामुळे गाण्यावरून परीक्षा होत नाही. तेव्हा परत करायची मुदत संपायच्या आत, आपल्या रोजच्या गर्दीत, एक खराखुरा कॉल करून बघा.