मधमाशीच्या गोळ्या

गेल्या वर्षी आईच्या घोट्यांना सूज आली, तेव्हा तिने मला फोन केला नाही. बाबांची पेटी काढली.

ही पेटी आमच्या नातेवाइकांत सगळ्यांना ठाऊक आहे. लाकडी, आत काचेच्या चिमुकल्या बाटल्या आणि त्यांवर बाबांच्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या. लहानपणी आपटलो की अर्निका ठरलेली. त्या गोड साबुदाण्यासाठी आम्ही भावंडं मुद्दामही आपटायचो :)

सुजेची बाटली होती 'एपिस ३०'. एपिस म्हणजे मधमाशी. तिने डंख मारला की अंग सुजतं, म्हणून तिच्यापासूनच केलेलं औषध सूज उतरवेल, असा हा हानेमानचा न्याय. आणि ३० म्हणजे एकास शंभर या प्रमाणात तीस वेळा पातळ केलेलं. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची आशाही जवळजवळ संपते. हे मी बाबांना कॉलेजात असताना सुनावलं होतं. ते नुसते हसले होते.

तर आई रात्री झोपताना चार गोळ्या जिभेवर ठेवायची. कॉफी बंद, कच्चा कांदा बंद. आणि सकाळी पाय खरंच हलके! "अगं, निम्म्याहून जास्त उतरली," असं तिने फोनवर सांगितलं, तेव्हा कुठे मला कळलं की सूज होती.

मी गेले ती संध्याकाळी. घोट्याच्या वर अंगठा दाबला, तर उचलल्यावरही खड्डा तसाच. सकाळी पाहिलं तर जवळपास काही नाही. दिवसभर उभं राहिलं, बसलं की पाणी पायात उतरतं. रात्री आडवं झालं की पुन्हा वर शोषलं जातं. रात्री आईने खडीसाखर चघळली असती, तरी सकाळी श्रेय तिलाच मिळालं असतं.

मी आईवर जरा जास्तच चिडले. कारण आईचे पाय नव्हते, बाबांचे होते. २००६ साली त्यांचेही पाय असेच सुजायचे. तेव्हाही हीच बाटली, तेव्हाही सकाळी बरं. मग त्यांना झोपायला दोन उशा लागू लागल्या, मग तीन, मग ते खुर्चीत बसूनच रात्र काढू लागले. डॉक्टरांकडे नेलं तोवर हृदय फार थकलं होतं. पुढे दीड वर्ष मिळालं. चार महिने आधी नेलं असतं तर किती मिळालं असतं, हे आमच्या घरात कोणी विचारत नाही.

आईला दुसऱ्याच दिवशी नेलं. लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन, ईसीजी, टूडी एको, सगळं ठीक निघालं. मग डॉक्टरांनी औषधांची पिशवी मागितली. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन मध्यंतरी ५ वरून १० मिलिग्रॅमवर नेलेली होती. ती बारीक धमन्या सैल करते, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी पायात झिरपतं. फार जणांना होतं म्हणे. त्यांनी गोळी बदलून दिली (आपली आपण बंद करायची नाही, हेही बजावलं) आणि दोन-तीन आठवड्यांत पाय पूर्ववत झाले.

आई म्हणाली, "बघ, एपिसला वेळ लागतो, पण मुळापासून काम करतं."

माझ्या तोंडावर उत्तर आलंच होतं. तेवढ्यात भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुझ्या बाबांनाही रात्री मीच द्यायचे गं गोळ्या. चार-चार. मोजून."

मी गप्प बसले आणि समोरची अर्धी जुडी माझ्याकडे ओढून घेतली.