पडका लायस

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमधल्या लाइम रीजिस गावाला खेटून लायस नावाचा कडा उभा आहे. उभा म्हणायचं आपलं; बाराही महिने त्याचं पडणं चालू असतं. वय वीस कोटी वर्षांच्या आसपास, पण पोक्तपणा नाही. अंगावर निळसर चुनखडीचा टणक थर, त्याखाली भिजल्या पुठ्ठ्यासारखा सुटणारा चिखलाचा काळा खडक, म्हणजे शेल, पुन्हा चुनखडी, पुन्हा शेल. पावसाचं पाणी मुरलं की शेल घसरते, खालून लाटा पाय पोखरतात आणि आधार गेलेली चुनखडी धाडकन खाली येते.

पोटात घेतलेलं मात्र त्याने जपलं. तो ज्या समुद्राच्या तळाशी साचला, तिथे खोल गाळात प्राणवायू जवळपास नव्हता. मढी उकरणारे किडे तिथे फिरकत नसत. म्हणून इक्थिओसॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचे सांगाडे सलग राहिले. अमोनाइट या शंखवाल्या समुद्री जीवाची चक्रं तर पावलापावलाला. आपल्या देवघरातल्या शाळिग्रामातलं चक्र त्यांच्याच गोतावळ्यातलं. बेलेम्नाइट या माकुळासारख्या जीवाच्या पिशवीतली शाईसुद्धा टिकली! एलिझाबेथ फिलपॉट यांनी ती वाळकी शाई पाण्यात कालवून तिनेच जीवाश्मांची चित्रं काढली.

त्यांची मैत्रीण मेरी ॲनिंग, सुताराची पोर. भावाला 1811 साली इक्थिओसॉरची कवटी सापडली, पुढे उरलेला सांगाडा मेरीने शोधला. 1823 साली तिने लांब मानेचा समुद्री प्राणी, अख्खा प्लेसिओसॉर काढला. विद्वानांनी तिच्या मालावर निबंध वाचले. पण बाईमाणसाला त्यांच्या भूविज्ञान संस्थेचं सभासदत्व नव्हतं. लायसनेही तिला फुकट काही दिलं नाही. 1833 साली त्याची दरड कोसळली, मेरी थोडक्यात वाचली, पायाशी असलेला तिचा कुत्रा ट्रे गेला.

1908 साली तर लायस आपणहून पेटला. शेलमधलं पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज हवेशी भिडून तापलं, तेलकट थर धुमसू लागले आणि लोक ‘ज्वालामुखी’ बघायला लोटले.

2001 पासून हा किनारा जागतिक वारसा आहे, आणि या वारशाची गंमत अशी की पडझड थांबली तर नवं काही दिसणारच नाही. गावाला घरं वाचवायची म्हणून भिंती हव्यात, तेही खरंच. वाळूत सुटा पडलेला जीवाश्म उचलायला मुभा आहे; न उचलला तर लाटा त्याचा चुरा करतात. कड्यात मात्र खणायचं नाही.

घरी नेलेल्या, पायराइटमुळे सोनेरी झालेल्या अमोनाइटचाही भरवसा नसतो. दमट हवा लागली की पायराइट फुटतं, पांढरी भुकटी होते आणि सुटलेलं आम्ल खालची नावाची चिठ्ठीसुद्धा खाऊन टाकतं.