आमचं ठरलं का?

निवडणूक आली की आमच्या मोहल्ल्यात पाहुणे वाढतात. पाच वर्षे ज्यांचे तोंड दिसत नाही, ते जुम्माची नमाज सुटायच्या वेळी मशिदीबाहेर उभे राहतात. सलाम करतात आणि हळूच विचारतात, "काय चाचा, औंदा तुमच्या समाजाचं कुणाला?" सोयाबीनला भाव काय मिळाला, पीकविमा पदरात पडला का, नळाला कितव्या दिवशी पाणी येते, हे दुसऱ्या गल्लीत विचारतात. आम्हाला मात्र 'समाजाचं' विचारतात.

त्यांचाही हिशेब असतो. २००९ साली आमच्या उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात डॉ. पद्मसिंह पाटील अवघ्या ६,७८७ मतांनी निवडून आले होते. तेव्हा एकेक मोहल्ला मोलाचा. पण गठ्ठा मोजणाऱ्यांनी कधी आमच्या घरात डोकावून पाहावे. २०१९ मध्ये आमचे अब्बा घड्याळावर ठाम होते, धाकटा भाऊ वंचित आघाडीचा झेंडा घेऊन फिरत होता, अन् आम्ही दोघांची समजूत काढत होतो. वंचितच्या उमेदवाराला ९८,५७९ मते पडली आणि धनुष्यबाणावर ओमप्रकाश राजेनिंबाळकर १,२७,५६६ मतांनी निवडून आले. घरात महिनाभर अबोला होता.

मग २९ जून २०२२ चा दिवस उजाडला. उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने अखेरच्या बैठकीत शहराचे नाव धाराशिव करण्याला मंजुरी दिली. धाराशिव हे नाव आम्हाला परके नव्हते. खेड्यापाड्यांतली माणसे पूर्वीपासून तेच म्हणत. निजाम उस्मान अलीशीही आमचे काही नाते नाही. पण त्या रात्री अब्बांनी ट्रंकेतून शाळेचा दाखला काढला, त्यावरचे गावाचे नाव पाहिले आणि काही न बोलता पुन्हा घडी घालून ठेवला.

दोन वर्षांत सगळी चिन्हे फिरली. धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेला. राजेनिंबाळकर मशाल घेऊन उभे राहिले. अब्बांचे घड्याळ भाजपच्या युतीत गेले होते आणि त्यावर अर्चना पाटील उभ्या होत्या. अब्बा म्हणाले, "घड्याळ तेच आहे, वेळ बदलली." मशालीचे नाव काढले की मात्र चिडत, "नाम उनोंच बदले, और वोट बी उनकोच?" भाऊ संविधानाचे सांगे, नागरिकत्वाच्या कायद्याचे सांगे. दोघेही खरेच बोलत होते.

७ मे २०२४ ला अब्बा काठी टेकत केंद्रावर गेले. बोटाला शाई लावून आले. कुणाला दिले, ते आजवर सांगितले नाही. ४ जूनला मशाल ३,२९,८४६ मतांनी जिंकली. चौकातल्या हॉटेलात चर्चा सुरू झाली, "मुसलमानांनी एकगठ्ठा टाकलं." आम्ही चहा पीत ऐकत होतो. त्या गठ्ठ्यात म्हणे अब्बांचेही मत होते. त्यापायी त्यांनी किती रात्री जागून काढल्या, ते कुणी मोजले नव्हते.

पण दोष केवळ बाहेरच्यांचा नाही. मतदानाच्या आदल्या रात्री चार वडीलधारे बसतात, 'ठरलं' म्हणून निरोप फिरतो आणि आम्ही मान डोलावतो. त्या बैठकीला आमच्या आयाबहिणी नसतात. निकालानंतर आम्ही सहज अम्मीला विचारले, "तू कुणाला दिलंस?"

ती भाकरी थापत म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंस. आता निवडणुकीच्या आधी विचार, मग सांगेन."

मशिदीबाहेरच्या पाहुण्यांना नावे ठेवणारे आम्ही, आमच्याच चुलीपुढे कधी हा प्रश्न घेऊन बसलो नव्हतो. पुढच्या निवडणुकीची सुरुवात आम्ही तिथूनच करणार आहोत.