हिल्टन हेड : फाटकाआडचा समुद्र

अमेरिकेतील साऊथ कॅरोलिना राज्यात, सव्हाना शहरापासून जवळच, हिल्टन हेड नावाचे बेट आहे. श्रीमंतांच्या समुद्रकाठच्या वसाहतींसाठी ते प्रसिद्ध आहे. आम्ही मात्र तेथे गेलो ते मिचेलव्हिलची जागा पाहण्यासाठी.

नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या सैन्याने हे बेट जिंकले. मळ्यांचे मालक पळाले, राबणारे काळे गुलाम मागे राहिले. १८६२ साली जनरल ऑर्म्सबी मिचेल यांनी त्यांच्यासाठी गाव आखून दिले. या माणसांनी आपले कारभारी निवडले, नियम केले आणि मुलांना शाळेत पाठविणे सक्तीचे केले. ज्यांना अक्षर शिकविणे कालपर्यंत गुन्हा होता, त्यांनी हा नियम केला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे अनेकांनी बेटावर जमिनी विकत घेतल्या. त्यांचे वंशज म्हणजे आजचे गल्ला लोक. शेती आणि मासेमारीवर ते जगत आले.

१९५६ साली बेटाला पूल झाला. त्यानंतर चार्ल्स फ्रेझर या कायदा शिकलेल्या तरुणाने सुमारे ५,२०० एकरांवर 'सी पाईन्स प्लँटेशन' वसविली. झाडे राखून रस्ते काढले, घरे रानात मिसळतील अशा रंगांची केली, खरेदीखतातच तशा अटी घातल्या. नियोजन म्हणून हे काम वाखाणण्याजोगे आहे. पण 'प्लँटेशन' म्हणजे गुलामांच्या घामाचा मळा! तेच नाव ऐषआरामाच्या वसाहतीला मिरवीत दिले गेले.

वसाहतीला फाटक आहे. पाहुण्याच्या मोटारीला पैसे भरून आत जावे लागते. गल्ला लोकांचे एक जुने कब्रस्तान याच फाटकाआड राहिले आहे. पूर्वजांच्या कबरीकडे जाणारी वाटही पहारेकऱ्यासमोरून जाते. दुसरीकडे, हॉटेलांतल्या खोल्या झाडणारे अनेक कामगार मुख्य भूमीवरच्या दूरच्या गावांतून पहाटे बसने येतात.

जमीन गेली कशी? आम्ही हिशेबाच्या खात्यातली माणसे, म्हणून आम्हाला हा प्रश्न पडला. एक कारण कर. शेजारी वसाहत झाली की भाव चढतो, त्याबरोबर कर चढतो. थकला की लिलाव. दुसरे कारण अधिक कडू आहे. आजोबांनी मृत्युपत्र केले नाही, म्हणून सारे वारस सामाईक मालक झाले. दूर शहरातला एखादा वारस आपला लहानसा हिस्सा विकतो. घेणारा कोर्टात जाऊन वाटणी मागतो. जमीन तुकड्यांत वाटता येत नाही असे ठरले की सगळीच विक्रीला निघते. जबरदस्ती कोणीच केलेली नसते, तरी घर जाते.

यावर २०१६ साली साऊथ कॅरोलिनाने कायदा केला. वाटणी मागणाऱ्याचा हिस्सा ठरविलेल्या किमतीला विकत घेण्याची संधी आता आधी इतर वारसांना मिळते. २०१५ साली चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये वंशद्वेषी गोळीबारात मारले गेलेले काळे आमदार क्लेमेंटा पिंकनी यांचे नाव या कायद्याला दिले आहे. कायदा चांगला, पण गेलेली जमीन त्याने परत येत नाही.

वाचक बंधुभगिनींनो, कष्टाने घेतलेली जमीन नुसती कसून राखली जात नाही. मृत्युपत्र, वारसनोंद, वाटणी ज्या त्या वेळी व्हावी लागते, आणि तो कागद घरातल्या लेकीसुनांनाही वाचता यावा लागतो. मिचेलव्हिलने शाळा सक्तीची केली होती. ते शिक्षण जमिनीच्या कागदापर्यंत पोहोचले पाहिजे, एवढे आम्ही तेथून घेऊन आलो.