पाण्याखालचं फळकूट

शिडाची होडी वारा नेईल तिकडे जाते, असं मला बरीच वर्षं वाटायचं. लहानपण रंकाळ्याच्या काठावर भेळ खाण्यात गेलं, होड्यांशी संबंध तेवढाच. मग नोकरीसाठी अमेरिकेत आलो, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला, आणि घरापासून दहा मिनिटांवर लेक मेंडोटा निघालं. सुमारे ४० चौरस किलोमीटरचं तळं. तीन वर्षांपूर्वी मी एक जुनी 'डे सेलर' विकत घेतली. उफा फॉक्स या इंग्लिश डिझायनरची १९५० च्या दशकातली रचना, पावणेसतरा फूट लांब, गाडीमागे ट्रेलरवर टाकून कुठेही नेता येते.

तर, शीड नुसतंच पुढे ओढत नाही. वारा बाजूने आला की ते होडीला आडवंही ढकलतं, आणि होडी ओल्या फरशीवरच्या साबणाच्या वडीसारखी सरकत जाते. ते थांबवायला होडीच्या मधोमध एक उभी फट असते आणि त्यातून एक फळकूट पाण्यात सोडतात. हा सेंटरबोर्ड. दोरी सैल केली की तो एका पिनेभोवती फिरून खाली जातो, ओढली की वर येऊन आतल्या अरुंद पेटीत बसतो. वर असताना माझ्या होडीला सात इंच पाणी पुरतं, खाली असताना पावणेचार फूट लागतं. तो खाली असला तरच वाऱ्याच्या दिशेने नागमोडी का होईना, पण वर चढता येतं. नसला तर वारा नेईल तिकडे!

गेल्या ऑगस्टमध्ये बाबा आले होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, पोहता न येणारे. लाइफ जॅकेट घालून, टोपी सांभाळत बसले. एका खडकाळ किनाऱ्याला होडी लावून आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. निघालो तेव्हा वारा वाढला होता. मी दोरी सोडली, बोर्ड खाली जाईना. पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. तोपर्यंत होडी आडवी सरकत दगडांवर गेली. बाबा कमरेभर पाण्यात उतरले आणि दोन्ही हातांनी होडी दगडांपासून लांब धरून उभे राहिले. नडगी सोलली, टोपी गेली. "वारा अचानक फिरला," मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत. नंतरच्या तीन वीकेंडना "तू जाऊन ये" म्हणाले आणि सप्टेंबरमध्ये परत गेले.

वारा फिरला नव्हता. बोर्ड आधीचे दोन आठवडे अडकत होता आणि मी वरून काठीने ठोसून काम भागवत होतो. ऑफिसात याला 'वर्कअराउंड' म्हणतात आणि रिलीजच्या आदल्या रात्री शिव्या देतात. :-)

या एप्रिलमध्ये मात्र काम हातात घेतलं. पहिली अडचण अशी, की होडी ट्रेलरवर असताना बोर्ड खाली निघतच नाही, मध्ये ट्रेलर येतो. चार मित्रांना मिसळपावचं आमिष दाखवून गवतावर जुने टायर आणि गादी टाकली, आणि डोलकाठी उतरवून होडी कुशीवर कलंडवली. पिन काढली. पेटीत दोन खडे सापडले आणि नखाएवढे झेब्रा मसल्स, म्हणजे ते पट्टेरी शिंपले जे मेंडोटात पहिल्यांदा २०१५ मध्ये सापडले.

पण खरा गुन्हेगार बोर्डच होता. आधीच्या मालकाने घरी बनवलेला, आत लाकूड, वर फायबरग्लास. कडेला एक बारीक चीर, म्हणजे खडकावर घासल्याची खूण. त्यातून पाणी शिरून लाकूड फुगलेलं. वर आमचा हिवाळा, पाणी गोठून आणखी फुगतं आणि चीर रुंदावते. पिनेचं भोकही झिजून लंबगोल झालं होतं.

ओल्या लाकडावर काहीही लावलं तरी पाणी आतच कोंडतं. म्हणून बोर्ड गॅरेजमध्ये पंख्यासमोर उभा केला आणि रोज बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवला. वजन उतरायचं थांबलं की सुकला. तीन आठवडे लागले, सव्वा किलो पाणी गेलं. मग चीर खरवडून इपॉक्सी भरलं, भोक बुजवून नव्याने पाडलं. (इपॉक्सी श्रीखंडाच्या डब्यात एकदम कालवू नका. खोलगट भांड्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं. माझा डबा वितळला. पसरट ताटलीत थोडं थोडं घ्या.) शेवटी घासून घासून जाडी पेटीपेक्षा कमी आहे ना ते मोजलं. रंगाचे थरही जाडी वाढवतात. नवी पिन, तिथून पाणी झिरपू नये म्हणून नवे रबरी वॉशर, नवी दोरी.

मेच्या पहिल्या रविवारी होडी पाण्यात सोडली. दोरी सैल केली आणि बोर्ड सर्रकन खाली गेला. धक्क्यावरूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. आधी बोर्ड वर-खाली करून दाखवला. मग सांगितलं, की गेल्या वर्षी वारा फिरला नव्हता, हा अडकतो हे मला माहीत होतं, आणि तरी मी तुम्हाला घेऊन गेलो.

"वारा फिरल्यावर माणूस शिडाकडे बघतो," बाबा म्हणाले. "तू खाली त्या पेटीकडे बघत होतास."

मला काही सुचेना. मग त्यांनीच विचारलं, "पिन बदललीस?"

"हो, बदलली."

"जुनी टाकू नकोस. जूनमध्ये आलो की बघतो कुठल्या बाजूने झिजलीय."